वहिनी आली बघ

आई, सुधीरभावजींनी मला कामाला लावलंय. आपल्या कुलमंडळाच्या अंकात तुमच्यावर पानभर मजकूर हवाय. "वहिनी, तूच लिही. आईजवळ सगळ्यात जास्त तूच राहिलीस. थोडी माया, थोडे कष्ट, फोटो मी पाठवतो," असं म्हणाले. उसळीची कृती सांगावी तसं. मी बसले, 'आमच्या आई म्हणजे' एवढं लिहिलं आणि तिथेच अडकले. आमच्या आई म्हणजे काय, हेच तर मला सध्या कळेनासं झालंय.

तुम्हाला जाऊन पुरता महिनाही झालेला नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसलेय. तुम्ही असतात तर मला हे जमलंच नसतं. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडण्यात तुमचा जन्म गेला, आणि घरी कुणी लांबण लावली की तुम्ही त्याच सपाट सुरात विचारायचात, "तीन मिनिटं झाली, वाढवायची?" लग्न होऊन मी कोपरच्या त्या दोन खोल्यांत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या मामेबहिणीची कर्मकहाणी तुम्हाला सांगत असताना हे ऐकलं आणि मनाशी म्हटलं, सासू खाष्ट आहे. पुढे कळलं, सासू विनोदी आहे. एकच बाई खाष्ट आणि विनोदी दोन्ही असू शकते हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली.

आज विचारायला तुम्ही नाही आहात. तेव्हा मी हवं तेवढं बोलणार आहे.

तेराव्याची पंगत उठली होती. मी स्वयंपाकघरात ते मोठं पातेलं ओट्यावरून खाली घेत होते. तेच ते, दोन कड्यांचं, जे आपण दोघी मिळून उचलायचो. नळाला पाणी यायचा दिवस असला की तुम्ही हाक मारायचात, "नीता, धर गं दुसरीकडून," आणि मी हातातलं काम टाकून दुसरी कडी धरायची. त्या दिवशी मी ते एकटीनेच ओढत होते आणि स्वतःवरच वैतागत होते. मनू, आपली मनू, ओट्याशी उभी राहून रेवाला मऊ वरणभात भरवत होती. मध्येच म्हणाली, "वहिनी, मी राजीनामा देतेय. रजा संपायच्या आत ऑफिसला सांगून टाकते."

मी विचारलं, "हे कुणी घातलं तुझ्या डोक्यात?"

"आईने."

"कुठल्या आईने? तुझ्या सासूबाईंनी?"

"नाही गं, आपल्या आईने."

हा अंक वाचणाऱ्या नव्या सुना-जावयांसाठी इथे थांबून सांगते, कारण आमच्या घरी पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण इथेच गोंधळतो. मनू ही माझी मुलगी. मी तिची जन्मदाती, तसे कागद आहेत. पण मनू आजीला 'आई' म्हणते आणि मला 'वहिनी'. आज तिशीची झाली, स्वतः आई झाली, तरी मी वहिनीच. तिच्या लग्नात वरपक्षाच्या एक काकू माझ्या कानाशी लागून विचारत होत्या, मुलीची आई हयात नाही का. मी ओटीचं ताट हातात घेऊन म्हटलं, आहे हो, तीच तुमची ओटी भरतेय. मला 'आई' म्हणणारा जगात एकच माणूस आहे, तो म्हणजे आमचा जावई. तो फोनवर "आई" म्हणाला की आजही मी अर्धा क्षण मागे वळून तुम्हाला शोधते.

तर मनू म्हणाली, आईने सांगितलं, नोकरी सोड.

मी पातेलं होतं तिथे ठेवलं. तुम्ही सांगितलंत? तुम्ही? आणि माझ्या तोंडून जे निघालं ते असं घडीव निघालं, जणू ते वाक्य कुणीतरी माझ्या जिभेखाली कधीचं ठेवून दिलं होतं. "नोकरी सोडू नकोस, मने. मी आहे."

मनूचा हात रेवाच्या तोंडाशी थांबला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाची तरी नक्कल केलीय आणि ती हुबेहूब वठलीय. रेवाने घास का थांबला म्हणून ओट्यावर हात आपटला.

ते वाक्य तुमचं होतं, आई. शब्दनशब्द तुमचं.

मनू तीन महिन्यांची होती आणि माझी रजा संपत आली होती. मी ठाण्याला विमा कंपनीच्या कचेरीत होते, नुकती कायम झालेली. घरात मी दिवसभर रडत होते, मनू कमी रडायची. एका दुपारी तुम्ही कोकमं उन्हात घालत होतात आणि मी तुमच्याजवळ येऊन म्हटलं, "आई, मी सोडते नोकरी. माझ्याने नाही होणार." तुम्ही वर पाहिलंही नाहीत. तुमची सवय, समोरच्याचं वाक्य खात्री करून घ्यायला पुन्हा म्हणायची. "सोडतेस. नोकरी सोडतेस." मग हात पुसलेत, माझ्या मांडीवरून मनूला उचलून घेतलंत आणि म्हणालात, "नोकरी सोडू नकोस. मी आहे."

त्याच वर्षी एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, बोर्डावर बसणाऱ्या बायकांची गरज उरली नाही. इतर जणी चौकशीच्या खिडकीवर गेल्या. तुम्ही मुदतीआधीच निवृत्ती घेतलीत आणि सगळ्या चाळभर सांगितलंत, सुनेसाठी घेतली.

त्या दोन शब्दांवर, 'मी आहे' यावर, मी माझं सगळं आयुष्य रचलं. अतिशयोक्तीची मला सवय आहे, पण ही ती नाही. आमच्या कचेरीत दुपारी डब्याचं एक टेबल होतं, बायकांचं. तिथे सगळ्या आया बसायच्या आणि प्रत्येकीची एकेक श्रद्धा होती. एकीचं म्हणणं, निघण्याआधी पोळीभाजी आपल्या हातची करून ठेवली की पोराला आईची उणीव भासत नाही. ती पहाटे उठून तीन भाज्या करायची आणि टेबलावर पेंगायची. दुसरी दर शुक्रवारी एक खेळणं न्यायची, त्या पोराला शुक्रवार ओळखता यायचा, आई ओळखता येत नव्हती. तिसरी दर तासाला पाळणाघरात फोन लावायची, इतका की तिथल्या बाईंनी फोन उचलणंच सोडलं. आणि सगळ्या जणी शेवटी माझ्याकडे वळून म्हणायच्या, "तुझं काय बाई, तुझ्या घरी आई आहेत." मी लोणच्याची फोड चोखत, एखाद्या मठाधिपतीच्या थाटात सांगायचे, अपराधी वाटून घ्यायचं नाही. आई घराबाहेर पडली म्हणून मूल हरवत नाही. मूल हरवतं आई मनातून कुढत बसली की. हे सगळं तुमचं होतं, मी फक्त माझ्या नावावर खपवत होते. नव्याने लागलेल्या मुली बाळंतपणाआधी माझ्याकडे सल्ल्याला यायच्या. किती जणींनी माझं ऐकून राजीनामे फाडले असतील, कोण जाणे.

एकदा कचेरीत कुणी बाई भाषण द्यायला आल्या होत्या, क्वालिटी टाइम म्हणजे काय ते सांगायला. घरी येऊन मी तुम्हाला ते सगळं उत्साहाने सांगितलं. तुम्ही पोळी उलटत म्हणालात, "म्हणजे काय गं? तुपातला वेळ?" त्या दिवसापासून आपल्या घरात तो शब्दच होऊन बसला. मी दमून आले की तुम्ही मला ओट्याजवळ फिरकू द्यायचा नाहीत. "जा, पोरीला घेऊन बस. तुपातला वेळ दे. आमटी मी बघते." मी जायचे. मनू मांडीवर यायची, पाच मिनिटं बसायची आणि मग म्हणायची, "वहिनी, आता आईकडे जाऊ?"

वहिनी. येऊ या त्या शब्दावर.

मी तुम्हाला सांगायचे, निदान तीनदा तरी सांगितलं असेल, "आई, तिला मला आई म्हणायला शिकवा ना." तुम्ही हसायचात. "अगं, पोराच्या तोंडात बसेल ते बसतं. हाकेत काय आहे?" आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाका जोडणारी बाई मला विचारत होती, हाकेत काय आहे. तेव्हा हा विनोद माझ्या लक्षात आला नाही, आज येतोय.

पहिल्या यत्तेत पालकसभेला मी कचेरीतून अर्धा दिवस घेऊन गेले. वर्गाच्या दारातून मनू ओरडली, "वहिनी आली." बाई माझ्याकडे वळून गोड हसल्या. "तुम्ही हिच्या भावाच्या मिसेस का? हिच्या आईंना नाही जमलं?" मी म्हटलं, नाही जमलं. काय सांगणार? आणि घरी येऊन मी हा किस्सा असा रंगवून सांगितला की तुम्ही डोळे पुसेपर्यंत हसलात. गेली कित्येक वर्षं मी तो लग्नांत, मुंजींत, सहलीच्या बसमध्ये सांगत आलेय, त्यात दर वेळी बाईंचा आवाज थोडा जास्त गोड करते. लोक हसतात. आणि कुणी विचारलं, पण ती वहिनी म्हणायला लागली कशी, की त्यावर आपलं एक ठरलेलं उत्तर होतं. सुधीरभावजी. घरात धाकटा दीर, तो वहिनी वहिनी करायचा, पोरीने तेच उचललं. जुन्या घरांत असंच व्हायचं. तुम्हीच हे उत्तर द्यायचात, आई. मी विचारायच्या आत.

तेराव्याच्या संध्याकाळी चहाला सगळे बसलेले असताना मी तो किस्सा पुन्हा सांगितला. दुःखाच्या घरात सांगायला माझ्याकडे दुसरं काय असणार. सगळे हसले, जावई सर्वांत जास्त. मी नेहमीसारखं सुधीरभावजींकडे बोट केलं, "हा बघा गुन्हेगार."

भावजींनी बशी खाली ठेवली. "वहिनी, नेहमी माझ्यावर काय ढकलता सगळे? मी होतोच कुठे तेव्हा? मनू रांगायच्या आत मी नोकरीला नाशिकला गेलो. दिवाळीला यायचो तर ही मला बघून भोकाड पसरायची. दाराबाहेरच चहा प्यायलोय मी."

पुन्हा हशा झाला. मी हसले नाही, कारण मी हिशेब लावत बसले होते. भावजी नाही. माझे यजमान, विलास, मला आयुष्यात 'अगं' याखेरीज काही म्हणालेले नाहीत, त्यांना माझं नाव आठवत असावं अशी आशा आहे. शेजारपाजारचे नीताताई म्हणायचे. तुम्ही नीता. मग बोलायला शिकणाऱ्या पोरीच्या कानावर 'वहिनी' टाकत कोण होतं?

आणि मला ती संध्याकाळ दिसली. एक नाही, सगळ्याच. मी जिना चढून वर यायची, दार उघडंच असायचं, तुम्ही मनूला कडेवर घेऊन उभ्या आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगत असायचात, "वहिनी आली बघ." मला वाटायचं, पोरीचं बोबडं तुम्ही कौतुकाने तिला परत ऐकवताय. पण मूल बोलायच्या आधी त्याचं बोबडं कुणाला ऐकवता येतं का, आई? मूल आपलं ऐकून बोलतं. इतकी साधी गोष्ट. एवढ्या वेळा हा किस्सा सांगितला, पण त्यात मी स्वतः कधी शिरलेच नाही.

दोन दिवसांनी मी ठाण्याला मनूकडे गेले. खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या इमारतीत तिचं घर. खिडकी उघडली की अमकी गाडी तमक्या फलाटावर लागली आहे, असं बाळाला दिवसभर ऐकू येतं. मनू कपडे घड्या घालत होती. मी सरळच विचारलं, "आई तुला नेमकं काय म्हणाली?"

"वहिनी, जाऊ दे ना. टेन्शन नको घेऊस."

"मने, मला ते वाक्य हवंय. जसं म्हणाली तसं."

ती पलंगावर बसली. तुम्ही थंडीत आठवडाभर तिच्याकडे राहायला गेला होतात, तेव्हाची गोष्ट. तुम्ही पायांवर घेऊन रेवाला तेल लावत होतात. रेवा तुमच्याकडे बघून 'आ आ' करायला लागली. तुम्ही हात थांबवलात, तेलकट रेवाला तशीच मनूच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "मने, नोकरी सोड."

"मी म्हटलं, आई, तू सांगतेस हे? तू तर वहिनीला सोडू दिली नव्हतीस." मनू माझ्याकडे न बघता सांगत होती. "तर म्हणाली, नव्हती दिली. मला तू हवी होतीस. विलास-सुधीर लहान होते तेव्हा मी कल्याणला बसून लोकांच्या आयांना त्यांची पोरं जोडून देत होते. माझा विलास माझ्या सासूला आई म्हणायचा आणि मला ताई. सासू गेल्यावर हाक माझ्याकडे आली. मग नीता म्हणाली, सोडते, आणि मी घाबरले. ती घरी बसली असती तर मला काय उरलं असतं?"

मी म्हटलं, "आणखी काय म्हणाली?"

मनूने हातातल्या झबल्याची पुन्हा घडी घातली. "म्हणाली, आता नीता रिटायर झालीय. ती तुला म्हणेल, सोडू नकोस, मी आहे. ऐकू नकोस तिचं. मीपण तेच म्हणाले होते."

खाली डेपोत कुठलीशी गाडी लागल्याचं सांगत होते. मला त्या गाडीत बसून कुठेतरी निघून जावंसं वाटलं.

घरी येऊन मी विलासना विचारलं, "लहानपणी तुम्ही आईंना ताई म्हणायचात?" ते पेपरातून वर न बघता म्हणाले, "हं. म्हणायचो बहुतेक. आजी गेल्यावर सुटलं ते." एवढंच. आमच्या घरात भाड्याच्या जागेसारखी हाक वारसाने मिळते, आधीचं माणूस गेलं की नावावर होते, आणि हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी पेपराआडून कळतंय.

आई, तुम्हाला ठाऊक होतं ते कसं लागतं. ड्युटीवरून यायचं आणि आपल्याच पोटच्या पोराने आपल्याला ताई म्हणायचं. ठाऊक असूनही तुम्ही ते मला दिलंत. मी समजत होते, तुम्ही मला मोकळं केलंत. तुम्ही जागा मोकळी करून घेत होतात.

मला राग नेमका कशाचा आलाय, ते मी गेले काही दिवस शोधतेय. नोकरीचा नाही. खरं सांगू? मला नोकरी आवडायची. सकाळी इस्त्रीची साडी नेसून, डबा घेऊन बाहेर पडताना मला जे वाटायचं ते मी डब्याच्या टेबलावरही कधी कबूल केलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, "नीता, तू जा, मला पोर सांभाळू दे, माझं राहून गेलंय," तरी मी गेलेच असते. आनंदाने गेले असते. मग खोटं कशाला बोललात? माझं भलं करताय असं का दाखवलंत? मी आयुष्यभर तुमचे उपकार मानले, आई. सणाला तुमच्यासाठी साडी घेताना दर वेळी माझ्यापेक्षा भारी घेतली. तुमच्याशी भांडताना अर्ध्यावर गप्प बसले, का, तर या बाईने माझ्यासाठी निवृत्ती घेतली. मनूने तुमच्याकडे धाव घेतली की मी आतून कुरतडली जायची आणि वरून स्वतःला सांगायची, हे तुझ्या श्रद्धेचं मोल आहे, कुढायचं नाही, कुढणारी आई वाईट. ती श्रद्धासुद्धा तुम्हीच पुरवली होतीत. म्हणजे कुलूपही तुमचं आणि किल्लीही.

आणि सगळ्यात जास्त लागलंय ते हे, की तुम्ही हे मनूला सांगितलंत. शेवटचे तीन महिने मी तुम्हाला पेज भरवत होते. आपण दोघीच असायचो. तुम्ही मला सांगितलंत की कोकमाची बरणी वरच्या फळीवर नको, बोळातल्या बाईला जुनी चादर दे, विलासला रात्री दही देऊ नकोस. वेळ होता, बोलणं होतं. मी तुमचे केस विंचरायचे, कानाच्या वर तिथे अजून केस कमी होते, जिथे हेडफोन बसायचा. एकदा तुम्ही माझं मनगट धरून ठेवलंत, बराच वेळ. मी विचारलं, "आई, काही हवंय?" तुम्ही सवयीने म्हणालात, "काही हवंय." आणि मग, "नाही, काही नको." माझ्या वाट्याचं वाक्य तेव्हा तुमच्या तोंडाशी आलं होतं का? आलं असेल तर गिळलंत का? माझं बोलणं तुम्ही दुसऱ्याच नंबरवर जोडून दिलंत.

पण मग हेही आठवतं. मी कचेरीच्या तपासणीला बाहेरगावी गेले की लॉजवरून फोन करायचे. एकदा मनू तापात होती, झोपलेली. तुम्ही म्हणालात, "थांब, जोडून देते." आणि रिसीव्हर तिच्या नाकाशी धरलात. मी परक्या गावात, काउंटरवर उभी राहून, माझ्या मुलीचा श्वास ऐकला. मॅनेजर माझ्याकडे बघत होता, मला पर्वा नव्हती. मग तुमचा आवाज आला, "ऐकलंस? ताप उतरलाय. तीन मिनिटं झाली, वाढवायची?" मी म्हटलं, वाढवा. तुम्ही पुन्हा रिसीव्हर तिच्याजवळ नेलात. हे तुम्ही कशासाठी केलंत? ज्या बाईने माझी हाक काढून घेतली, तीच मला श्वास ऐकवत होती. हे दोन्ही मी एका पानावर कसं बसवू, सांगा. भावजी म्हणतात, थोडी माया, थोडे कष्ट.

आता माझं. कारण तुम्ही मला बरोबर ओळखलंत आणि त्याचाही मला राग आहे.

स्वयंपाकघरातल्या मनूच्या त्या नजरेनंतर मी स्वतःला विचारून बघितलं, मी ते वाक्य कुणासाठी म्हणाले? मनूच्या करिअरसाठी, असं मी लगेच उत्तर दिलं. मग रेवाच्या मानेचा वास आठवला, आंघोळीनंतरचा, आणि उत्तर बदललं. निवृत्त झाल्यापासून माझ्या सकाळी रिकाम्या आहेत. मी साडीला इस्त्री करते आणि कपाटात ठेवते. मलाही ती पोर हवी होती, आई. मनूच्या नोकरीची काळजी मी त्या हवेपणावर झाकण म्हणून ठेवली होती. तुमची चाल मला कुणी शिकवलीही नव्हती, तरी जशीच्या तशी आली.

मी मनूला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "यार वहिनी, तुम्ही दोघी म्हणजे." पुढे म्हणाली, "मी आईचंपण ऐकणार नाहीये आणि तुझंपण. मला काम करायचंय. सहा महिने करून बघते. तू येशील का रेवाला बघायला?"

मी म्हटलं, "येईन. संध्याकाळी सहापर्यंत. सहानंतर मी थांबणार नाही, तू घरी ये."

"आणि उशीर झाला तर?"

"तर जावयाला लवकर बोलाव. मला आई म्हणतो ना, मग आईचं ऐकेल."

या सोमवारी मनू रजेनंतर पहिल्यांदा कामावर गेली. दार लागलं तशी रेवाने दाराकडे बघून ओठ काढला. मी तिला घेऊन खिडकीत उभी राहिले, गाड्या दाखवल्या, फलाट ऐकवले. दुपारी ती माझ्या मांडीवर उताणी पडून माझ्या चष्म्याशी खेळत होती, आणि एकदम माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आई." तिला काही कळत नाही, ती पंख्यालाही आई म्हणते, कुकरलाही. पण घरात कुणी नव्हतं. 'ओ' द्यायला काय लागलं असतं? कुणाला कळलं असतं? आणि ती 'ओ' माझ्या गळ्याशी आली होती, आई, खोटं नाही सांगत. मला आतापर्यंत आपल्या रक्ताच्या माणसाने ती हाक मारलेली नव्हती. पहिल्यांदा आली आणि ती माझी नव्हती.

मी तिला म्हटलं, "आई ऑफिसात गेली. मी आजी." रेवाने चष्मा तोंडात घातला.

संध्याकाळी सहाला पाच कमी असताना लिफ्टचं दार वाजलं. मी रेवाला कडेवर घेऊन दार उघडलं. मनू केस विस्कटलेली, पर्स खांद्यावरून घसरलेली, धापा टाकत उभी. मी रेवाच्या कानाशी तोंड नेलं. मला माझ्याच जागी तुम्ही दिसलात आणि समोर पर्स सावरत उभी असलेली मी दिसले.

"आई आली बघ," मी म्हटलं.

एवढंच होतं. एकच शब्द बदलायचा होता. तो उचलताना किती जड जातो ते मला आता कळलंय, तुम्हाला एकटीने झेपला नाही हेही कळलंय. पण हाक मारायची होतीत, आई. मी दुसरीकडून धरलं असतं.